इंग्रजी बोलीतले शब्द आणि त्यांच्या पोटातली माणसे

आपल्या घरातली मुले-मुली आता इंग्रजी वाचतात, लिहितात. कोणी कॉलेजात आहे, कोणी कॉल सेंटरात रात्रपाळी करते, कोणी हॉस्पिटलात नर्स आहे. व्याकरण त्यांचे पक्के असते. तरीही साहेब किंवा परदेशी गिऱ्हाईक बोलू लागले की मध्येच एखादे वाक्य असे येते की त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा, पण अर्थ काही केल्या लागत नाही. 'आय अ‍ॅम अंडर द वेदर' म्हणजे 'मी हवामानाच्या खाली आहे' असे काय? तो बिचारा एवढेच सांगत असतो की आज तब्येत बरी नाही. 'पीस ऑफ केक' म्हणजे केकचा तुकडा नव्हे, अगदी सोपे काम. आपण म्हणतो ना, हा तर माझ्या हातचा मळ! 'लेट्स कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरते काम पुरे, आता आवरा. आणि 'पुलिंग युअर लेग' यात तर फसगत ठरलेलीच. मराठीत पाय ओढणारा माणूस आपल्या वाईटावर असतो. इंग्रजीत पाय ओढणारा नुसती थट्टा करत असतो.

असे अडले की आपली मुले मनातून खचतात. आपल्याला इंग्रजी येतच नाही, असे त्यांना वाटू लागते. पण वाचकहो, जरा उलटा विचार करा. एखादा इंग्रज मराठी शिकला आणि त्याच्यासमोर आपण म्हणालो, 'त्याने माझ्या तोंडाला पाने पुसली' किंवा 'मी कानाला खडा लावला', तर शब्दकोश उघडून तो काय करणार? पाने, तोंड, कान, खडा सगळे सापडेल, अर्थ सापडणार नाही. वाक्प्रचार हा शाळेत शिकण्याचा प्रकार नाहीच. तो माणसांत वावरून येतो. साहेबाच्या घरात जन्मलेल्या मुलाला तो आयता मिळतो, आपल्या मुलांना मिळवावा लागतो, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट. ही जी बोलीभाषा, जिला इंग्रजीत 'स्लँग' म्हणतात, ती राजवाड्यात किंवा विद्यापीठात जन्मलेली नाही. तिचा मोठा भाग गोदीत, बराकीत, तुरुंगात, बाजारात आणि गुलामांच्या वस्तीत तयार झाला आहे. म्हणजे ती घडवणारी माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती. त्या शब्दांचा कूळवृत्तांत पाहिला की त्यांची भीती कमी होते, आणि काही शब्दांचा तर रागही येतो.

लंडनच्या चाळीतली भाषा

लंडनच्या पूर्व भागात गोदी कामगार, हातगाडीवाले, फेरीवाले यांची वस्ती. त्यांना 'कॉकनी' म्हणतात. या लोकांनी एकोणिसाव्या शतकात यमकाची एक गमतीदार बोली तयार केली. १८५९ साली छापलेल्या जॉन कॅमडेन हॉटनच्या स्लँग शब्दकोशात तिची नोंद आहे. जो शब्द म्हणायचा तो म्हणायचाच नाही, त्याच्याशी यमक जुळणारी जोडी म्हणायची. 'स्टेअर्स' म्हणजे जिना, तर त्याला म्हणायचे 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स'. 'फोन'ला 'डॉग अँड बोन'. बायकोला, म्हणजे 'वाइफ'ला, 'ट्रबल अँड स्ट्राइफ', अर्थात कटकट आणि भांडण! (ही बोली पुरुषांनी रचली हे वेगळे सांगायला नको.) पुढे तर जोडीतला यमकाचा शब्दही गाळून टाकतात. 'लोफ ऑफ ब्रेड' हे 'हेड'चे यमक. त्यातले फक्त 'लोफ' राहिले. म्हणून कोणी 'यूज युअर लोफ' म्हणाले तर पाव वापरू नका, डोके वापरा. पोलीस आणि परका माणूस यांना कळू नये म्हणून ही बोली झाली असे मानतात.

संपाचा शब्द शिडावरून आला

गिरणगावात वाढलेल्या पिढीला 'स्ट्राइक' हा शब्द समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि तो संप आपल्या कितीतरी घरांच्या चुलीपर्यंत पोहोचला. पण 'स्ट्राइक' म्हणजे तर मारणे, ठोकणे. मग काम बंद करण्याशी त्याचा काय संबंध? संबंध जहाजाचा आहे. शीड खाली उतरवण्याला खलाशांच्या भाषेत 'स्ट्राइक' म्हणत. १७६८ साली मजुरीसाठी भांडणाऱ्या इंग्लंडमधल्या खलाशांनी बंदरातल्या जहाजांची शिडे उतरवून ठेवली. जहाजे जागची हलेनात. तेव्हापासून काम बंद पाडणे म्हणजे 'स्ट्राइक'. संप फोडून कामावर जाणाऱ्याला त्यांच्याकडे 'स्कॅब' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ जखमेवरची खपली. शिवी किती जिव्हारी लागणारी आहे पाहा.

नोकरीवरून काढले तर 'गॉट द सॅक'. सॅक म्हणजे पोते, पिशवी. कारागीर आपली हत्यारे स्वतःच्या पिशवीतून आणायचा, आणि मालकाने पिशवी हातात दिली की समजायचे काम संपले, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. अमेरिकेत याच दुःखाला 'पिंक स्लिप' म्हणतात. 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' म्हणजे कबरस्तानातली नोकरी नव्हे, आपली तिसरी पाळी.

'डेडलाइन' हा शब्द आज प्रत्येक ऑफिसात आहे. मुदत, शेवटची तारीख. त्याचा जन्म मात्र तुरुंगातला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. आतल्या बाजूने एक रेषा आखलेली असे. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. ती 'डेड लाइन'.

बॉयकॉट: एका साहेबाचे आडनाव

आता ज्या शब्दाशी आपला फार जुना संबंध आहे त्याकडे येऊ. 'बॉयकॉट' म्हणजे बहिष्कार, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण बॉयकॉट हे एका माणसाचे आडनाव होते.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी होता. आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य, जमिनी मोठ्या जमीनदारांच्या, आणि कसणारी कुळे कंगाल. पिके बुडाली होती. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. जमीनदार दहा टक्क्यांच्या वर जाईना, आणि ज्यांनी खंड भरला नाही त्यांना घराबाहेर काढण्याच्या नोटिसा बॉयकॉटने आणल्या. त्याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, आयरिश पुढारी पार्नेल यांनी एनिस गावच्या सभेत सांगितले होते की हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याला एकटा पाडा. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याच्याशी बोलू नका.

लोकांनी हाच उपाय बॉयकॉटवर चालवला. शेतमजूर गेले, घरगडी गेले, धोब्याने कपडे धुणे सोडले, दुकानदार माल देईना, टपाल आणणाऱ्या पोरानेही येणे बंद केले. बटाटे आणि सलगम शेतात कुजायला लागले. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले, आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक. पाचशे पौंडांच्या पिकाची काढणी करायला सरकारचे आणि इतरांचे मिळून दहा हजार पौंड खर्ची पडल्याचा हिशेब त्या वेळी झाला. डिसेंबरात बॉयकॉट कुटुंबासह आयर्लंड सोडून गेला. त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन मागे राहिले आणि पाहता पाहता फ्रेंच, जर्मन भाषांतही गेले.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. आयर्लंडमध्ये गरिबाने जमीनदाराला एकटे पाडले. आपल्याकडे काय घडत आले? गावाने वस्तीला एकटे पाडले! मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद, वाट बंद. शब्द तोच, पण हत्यार उलट्या हातात. ज्याच्या हाती जमीन, दुकान आणि पाणी आहे त्याने केलेला बहिष्कार आणि ज्याच्या हाती फक्त आपले श्रम आहेत त्याने केलेला बहिष्कार, या दोहोंना इंग्रजी भाषेत एकच शब्द आहे. मला हे त्या भाषेचे दारिद्र्य वाटते. निदान आपण तरी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, हे आपण सारे जाणतो. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर बाबासाहेब सदस्य होते. पोटापाण्यासाठी गावावर अवलंबून असलेल्या माणसाला गावाचा बहिष्कार कसा मोडून टाकतो, हे त्या कमिटीच्या १९३० सालच्या अहवालात नोंदले आहे. त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी जे मागणीपत्र दिले त्यात बहिष्कार टाकणे हा गुन्हा ठरवा, अशी मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ सालच्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला होता. ही मागणी कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत यायला फार वर्षे गेली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली आणि जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तिने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर, कुटुंबावर किंवा गटावर सामाजिक अथवा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे हा गुन्हा ठरवला. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने वेगळा कायदाही केला. तो २०१७ साली लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गावाकडच्या नातेवाइकांना हे जरूर सांगावे.

'परायाह' म्हणजे कोण?

इंग्रजी वर्तमानपत्रांत एक शब्द वारंवार येतो, 'परायाह'. 'परायाह स्टेट' म्हणजे ज्या देशाशी कोणी संबंध ठेवत नाही असा देश. 'परायाह डॉग' म्हणजे रस्त्यावरचे बेवारशी कुत्रे. लिहिणारे शिकलेसवरलेले असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना आपण एका जातीचे नाव शिवी म्हणून वापरतो आहोत याची दादही नसते.

हा शब्द तामिळ आहे. 'परै' म्हणजे ढोल, आणि 'परैयर' ही तामिळ प्रदेशातली मोठी अस्पृश्य मानलेली जात. त्यातले बहुसंख्य लोक शेतमजूर. सणाला, मयताला ढोल वाजवण्याचे काम जातीकडे लावलेले. सोळाव्या शतकात युरोपियन व्यापारी त्या किनाऱ्यावर उतरले आणि हे नाव त्यांच्या लिखाणात गेले. आधी ते फक्त एका जातीचे नाव होते. मग युरोपियनांनी ते सगळ्याच बहिष्कृतांना लावले. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ 'समाजाने टाकलेला कोणीही' असा झाला. कुत्र्यालाही तेच नाव पडले. जातीची उतरंड आपल्याकडची, पण तिच्यातला तळचा माणूस जगभराच्या शब्दकोशात जाऊन बसला, आणि तोही या रूपात.

ज्यांचे हे नाव होते ती माणसे मात्र गप्प बसली नव्हती. वर ज्यांचा उल्लेख आला त्या रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली आपल्या नियतकालिकाला मुद्दाम 'परैयन' हेच नाव दिले होते. जगाने शिवी केलेले नाव त्यांनी मथळ्यावर छापले. त्याच समाजातले पंडित अयोथी दासर यांनी १८९८ साली श्रीलंकेला जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला.

तेव्हा हा शब्द आपल्या मुलांना परीक्षेत आला तर अर्थ ठाऊक असावा, वाचताना कळावा, पण स्वतःच्या लिखाणात त्यांनी तो वापरू नये असे माझे मत आहे. 'आयसोलेटेड' म्हणा, 'शन्ड' म्हणा. चांगले शब्द आहेत. मराठीतही काही जातींची नावे अशीच शिवीसारखी फेकली जातात. ती इथे छापण्याची गरज नाही, वाचकांनी ती ऐकलेली आहेत.

देवळालीचा ताप

जरा हलके घेऊ. एखादा माणूस वेडाचे चाळे करू लागला तर इंग्रज म्हणतात, 'ही हॅज गॉन डुलॅली'. हे डुलॅली म्हणजे आपल्या नाशिकजवळचे देवळाली! १८६० नंतर तिथे इंग्रज फौजेची मोठी छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. सैनिकांची जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो पावसाळाभर अडकला. काम नाही, कवायत नाही, वर ऊन आणि हिवताप. काहींची डोकी फिरत. त्याला नाव पडले 'डुलॅली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप. आपला 'ताप' शब्द जसाच्या तसा गेला आहे. नाशिकचे लोक देवळालीला हवा खायला जातात आणि इंग्रजांच्या भाषेत तेच गाव वेड्याचे लक्षण होऊन बसले आहे!

सोल्जर लोकांनी असे पुष्कळ शब्द नेले. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी. हा आपला 'खुशी'. 'लेट्स हॅव अ डेको' म्हणजे जरा बघू, हा 'देखो'. 'चिट' ही चिठ्ठी, 'पका' हा पक्का. 'लूट' आणि 'ठग' हे शब्द इंग्रजांना आपल्याकडूनच घ्यावे लागले, ही बाब मोठी बोलकी आहे. 'बॉबरी' म्हणजे गलका, आरडाओरडा. हेन्री यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉबसन-जॉबसन' या प्रसिद्ध कोशात त्याचे मूळ 'बाप रे' असे दिले आहे. आणि 'ब्लायटी' हा विलायतीचा अपभ्रंश. पहिल्या महायुद्धात ज्या जखमेमुळे सैनिकाला घरी धाडत तिला 'ब्लायटी वन' म्हणत. जखम झाली याचा आनंद व्हावा, असे ते खंदकातले जिणे होते.

नदीच्या खाली विकलेली माणसे

अमेरिकन इंग्रजीत 'सोल्ड डाउन द रिव्हर' म्हणजे विश्वासघात केला. युनियनच्या पुढाऱ्याने मालकाशी हातमिळवणी केली तर कामगार हेच म्हणतील. पण मूळ अर्थ शब्दशः खरा होता. केंटकी, व्हर्जिनिया या राज्यांतल्या निग्रो गुलामांना मालक दक्षिणेकडे विकत. मिसिसिपी नदीतून बोटीने त्यांना खालच्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर नेत. तिथले काम जीवघेणे. नवरा एका बाजूला, बायको-मुले दुसऱ्या बाजूला. पुन्हा भेट नाही. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, वाक्प्रचार उरला.

कंपन्यांच्या कागदात 'ग्रँडफादर्ड' असा शब्द येतो. नवा नियम जुन्या लोकांना लागू नाही, असा त्याचा अर्थ. वाटते, किती प्रेमळ शब्द, आजोबांच्या नावाचा! तर ऐका. १८७० साली अमेरिकेच्या घटनेने काळ्या लोकांना मताचा हक्क दिला. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यावर तोड काढली. मत देण्यासाठी वाचता-लिहिता आले पाहिजे किंवा मालमत्ता पाहिजे. मग अडाणी आणि गरीब गोऱ्यांचे काय? लुइझियाना राज्याने १८९८ साली कलम घातले की ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ च्या आरंभी मताचा हक्क होता त्याला ही अट नाही. काळ्या माणसाचा आजोबा तर गुलाम होता! झाले काम. जातीचा उल्लेखही नाही आणि जात बरोबर गाळली. १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

'वोक' हा शब्दही काळ्या लोकांच्या बोलीतला. जागा असलेला, अन्याय ओळखणारा. १९३१ साली अलाबामात नऊ काळ्या मुलांना बलात्काराच्या खोट्या आरोपात पकडले, तो स्कॉट्सबरो खटला. त्यावर लेड बेली या गायकाने गाणे केले, आणि १९३८ च्या ध्वनिमुद्रणात आपल्या लोकांना तिकडे जाताना जागे राहा असे बजावले. २०१४ साली फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा तरुण मेल्यानंतर तो शब्द पुन्हा सर्वतोमुखी झाला. आता मात्र टीव्हीवरचे वाद ऐकाल तर 'वोक' ही शिवी झाली आहे, जणू जागे असणे हा आजार! आपल्याकडे 'पुरोगामी' शब्दाचे जे केले गेले तेच.

मुलाखतीला जाताना

हे सगळे वाचून मुलांनी लगेच बोलण्यात स्लँग पेरू नये. ऐकून समजणे वेगळे आणि वापरणे वेगळे. मुलाखतीत, अर्जात, बँकेत साधे सरळ इंग्रजी बोलावे. तरुण मुले 'सिक' म्हणतात तेव्हा अर्थ 'फार भारी' असा असतो, पण तेच डॉक्टरला सांगितले तर तो नाडी बघेल. स्लँग दर पाच-दहा वर्षांनी शिळे होते, वाक्प्रचार मात्र टिकतात. म्हणून वाक्प्रचार आधी शिकावेत. घरात एक दोनशे पानी वही करावी, रेडिओवर, सिनेमात, फोनवर जे कानी पडेल ते त्यात लिहावे, आणि बाजूला मराठीतला जवळचा वाक्प्रचार लिहावा. आजीला विचारले तर तिच्याकडून तो हमखास मिळतो.

आणि एक फार कामाची सूचना. आपल्याकडे सगळे लिहितात, 'आय पास्ड आउट इन २०२२'. भारतात हे चालते, त्याचा अर्थ कॉलेज पूर्ण केले. पण इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला हे लिहिले तर तो समजतो की तुम्ही २०२२ साली चक्कर येऊन पडलात. परदेशी कंपनीला अर्ज करताना 'आय ग्रॅज्युएटेड' असे लिहावे. 'प्रीपोन' हाही भारतात रूढ झालेला शब्द. आपल्याकडे सर्वांना कळतो, तिकडे पुष्कळांना कळत नाही. परदेशी माणसाला मीटिंग अलीकडे घ्या असे कळवायचे असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहावे, आणि 'आउट ऑफ स्टेशन' च्या ऐवजी 'आउट ऑफ टाउन'.